वळवाच्या पहिल्या पाण्याचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना उजाडला की वृत्तपत्रांत नालेसफाईच्या बातम्या येऊ लागतात. किती लांबीचे नाले साफ झाले, किती काम बाकी आहे, कोणत्या कल्व्हर्टखाली राडारोडा तसाच पडून आहे, याचा तपशील त्यांत असतो आणि तो असायलाच हवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काठावरच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत जो हाहाकार केला, तो पुणेकर इतक्यात विसरणार नाहीत. मात्र त्या रात्रीपासून आपण सगळेच पावसाच्या पाण्याकडे एकाच धास्तीने पाहू लागलो आहोत. ते तुंबू नये, घरात शिरू नये, लवकरात लवकर वाहून जावे, एवढेच आपले मागणे असते. वाहून जाताना ते पाणी रस्त्यावरून, पार्किंगमधून, बांधकामांच्या आवारातून काय काय उचलते आणि कोणाच्या पदरात नेऊन टाकते, याची चौकशी सहसा होत नाही. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे. कात्री आपल्या हाती आहेच.

मी पाषाण भागात राहतो आणि आमच्या सोसायटीपासून रामनदी पायी दहा मिनिटांवर आहे. नव्याने राहायला आलेल्या अनेकांना ती नदी आहे हेच ठाऊक नसते. पुलावरून जाताना वास आला की ते गाडीची काच वर करतात आणि ‘नाला आहे’ म्हणतात. प्रत्यक्षात भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या बाजूने निघून भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी असा सुमारे १९ किलोमीटरचा प्रवास करून ती औंधजवळ मुळेला मिळते. वाटेत भूगावचा मानस तलाव आहे, आमचा पाषाण तलाव आहे आणि काठाला सोमेश्वराचे जुने देऊळ आहे. मुळा पुढे संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि भीमेचे पाणी उजनीच्या धरणात साठते. उजनीतून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी जाते. म्हणजे आमच्या फाटकासमोरच्या जाळीत जे पडते ते, वाटेत कितीही पातळ होवो, निघालेले असते सोलापूरकरांच्या दिशेनेच.

गटारात गेलेले सगळे पाणी कोठेतरी शुद्धीकरण केंद्रात जाते, असा पुष्कळ सुशिक्षित माणसांचा ठाम समज आहे आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत तो माझाही होता. वस्तुस्थिती अशी की, आपल्या रस्त्यांखाली दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत. संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे पाणी ज्या वाहिनीत जाते, जिला आपण ड्रेनेज म्हणतो, ती केंद्राकडे जाते, निदान जावी अशी योजना असते. रस्त्याकडेला जाळी असलेले जे चेंबर दिसते ते पावसाळी गटाराचे, आणि त्यातले पाणी कोणत्याही केंद्रात न जाता थेट जवळच्या ओढ्यात आणि तेथून नदीत पडते. मुळा-मुठेसाठी जपानच्या अर्थसाह्याने ११ नवी केंद्रे आणि दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता अशी मोठी योजना हाती घेण्यात आली, तिच्याविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. ती आवश्यकच आहे. परंतु ती सगळी केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली तरी जाळीतून जाणाऱ्या पाण्याला त्यांचा हात लागणार नाही, कारण ते पाणी त्यांच्या दारात येतच नाही.

हे मला वाचून पटले नव्हते, पाहून पटले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस वळवाची पहिली मोठी सर आली तेव्हा आमच्या शेजारच्या बाई, ज्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत, छत्री घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “अहो, घरात लोणच्याची रिकामी बरणी असेल तर घेऊन या, लवकर.” आम्ही जाळीच्या तोंडाशी ती बरणी भरली. पाणी काळपट होते, त्यावर इंद्रधनुषी तवंग होता आणि सिगारेटची दोन थोटके, गुटख्याच्या पुडीचा तुकडा आणि थर्माकोलचे दाणे तरंगत होते. रात्रभर बरणी न हलवता ठेवली. सकाळी तळाशी करंगळीच्या पेराएवढा काळा, बोटाला तेलकट लागणारा गाळ बसला होता, मधले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते आणि वर तवंग तसाच होता. त्यानंतर बाईंनी तिसऱ्या पावसाची एक, आणि जूनच्या शेवटी एक, अशा आणखी दोन बरण्या भरून घेतल्या. तिसऱ्या पावसाचे पाणी नुसते गढूळ होते. जूनअखेरीच्या बरणीतून वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत होता. या तिन्ही बरण्या वार्षिक सर्वसाधारण सभेत टेबलावर मांडल्या, आणि पार्किंगखेरीज दुसऱ्या एखाद्या विषयावर आमच्या सभेत अर्धा तास चर्चा झाली, हा त्या बरण्यांचा पराक्रमच म्हणायचा.

बरण्यांतला हा फरक योगायोगाचा नव्हता. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की पुढचे सात-आठ महिने रस्ते जवळजवळ धुतलेच जात नाहीत. त्या काळात गाड्यांचे गळके तेल, झिजलेल्या टायरांची भुकटी, ब्रेकची काजळी, बांधकामाची धूळ, कुत्र्यांची विष्ठा, बागेत जास्त पडलेले खत, फटाक्यांची राख असे सगळे डांबरावर आणि काँक्रीटवर थरावर थर साचते. जेथे वर्षभर अधूनमधून पाऊस पडतो त्या मुलखात ही घाण थोडी-थोडी वाहून जाते; आपल्याकडे ती सारी वळवाच्या एक-दोन सरींत, अर्ध्या-पाऊण तासात, एकदम उतरते. शिवाय ती उतरते केव्हा, तर मे महिन्यात, जेव्हा नदीच्या पात्रात स्वतःचे असे पाणी जवळजवळ नसतेच आणि आलेल्या घाणीला पातळ करायला काहीही उपलब्ध नसते. पाण्यातला प्राणवायू अशा वेळी झपाट्याने संपतो आणि माशांना तोंड वर काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जुलैत दुथडी भरून वाहणाऱ्या नदीचे छायाचित्र पाहून आपल्याला बरे वाटते, पण नदीला मार बसलेला असतो तो महिना-दीड महिना आधी.

बरण्यांच्या निमित्ताने आम्ही आमच्या आवाराची तपासणी केली, आणि जे आढळले ते लिहिताना थोडी लाज वाटते. गाड्या धुणारी मुले रोज सकाळी साबणाचे पाणी ज्या जाळीत सोडत होती ती पावसाळी गटाराची होती. टाकी धुतल्यावरचे ब्लीचिंगचे पाणी त्याच जाळीत जात होते. रंगकाम चालू असताना रंगाऱ्यांनी ब्रश आणि डबे तेथेच धुतले होते, कारण पाणी जाण्याची जागा म्हणून त्यांना आम्हीच ती दाखवली होती. सर्वांत वाईट गोष्ट शेवटी कळली. एका इमारतीच्या खालच्या मजल्यावरच्या संडासात आणि मोऱ्यांत खाण्याचा लाल रंग ओतून पाहिला तेव्हा दहा मिनिटांत तो पावसाळी चेंबरमध्ये दिसू लागला. चौकशी केली तेव्हा समजले की, काही वर्षांपूर्वी ड्रेनेज वारंवार तुंबत असताना कोण्या प्लंबरने ती लाइन जवळच्या पावसाळी गटाराला जोडून दिली होती, आणि तुंबणे थांबल्यामुळे आम्ही सर्वांनी त्याचे कौतुकही केले होते. म्हणजे पुलावर वास आला म्हणून काच वर करणाऱ्यांत जे होते, त्यांतल्या काहींचा मैला त्याच पुलाखालून वाहत होता. ती जोडणी तोडून लाइन पूर्ववत करायला जो खर्च आला तो आमच्या एका दिवाळी स्नेहसंमेलनाइतका होता.

याच्या उलटा प्रकारही तितकाच सर्रास चालतो. गच्चीचे पाणी उतरवणारे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतात. जोराचा पाऊस आला की मैलापाण्याच्या वाहिनीत तिच्या क्षमतेबाहेर पाणी घुसते, चेंबरची झाकणे उचलली जातात आणि रस्त्यावर कारंजी उडू लागतात. ते पाणी पुन्हा शेजारच्या जाळीतून नदीलाच जाते. प्रत्येक पावसाळ्यात याची छायाचित्रे छापून येतात आणि दोष पाइपाच्या व्यासाला दिला जातो. व्यास कमी असेलही. पण आपल्या गच्चीचा पाइप कोठे उतरतो हे वाकून पाहिलेले गृहस्थ मला अजून फार भेटलेले नाहीत.

आपल्या राज्याला ‘पाणलोट’ हा शब्द नवा नाही. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार येथील कामांनंतर तो शाळेच्या पाठ्यपुस्तकात गेला, आणि माथा ते पायथा असे काम करावे, धावत्या पाण्याला चालायला लावावे, चालत्याला थांबवावे आणि थांबलेल्याला जिरवावे, हे सूत्र दुष्काळी तालुक्यांतल्या कोणत्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असते. शहरात आल्यावर मात्र हा शब्द आपण वेशीबाहेर ठेवून येतो. पाणलोट म्हणजे गावाकडचे काहीतरी, समतल चर आणि मातीचे बांध, अशी आपली समजूत झाली आहे. परंतु बाणेर-पाषाणची टेकडी, तिच्या उतारावरच्या सोसायट्या, खालचा रस्ता, त्याखालचे गटार आणि त्यापुढचा ओढा हा पाणलोटच आहे. फरक इतकाच की येथे मुरमाच्या जागी पेव्हर ब्लॉक बसले आहेत आणि ओघळींच्या जागी सिमेंटचे पाइप आले आहेत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. त्या हिशेबाने एक एकराच्या आवारात तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. माती असती तर त्यातले बरेच मुरले असते. संपूर्ण आवार काँक्रीटचे असेल तर ते जवळजवळ सगळे, वाटेतली घाण घेऊन, एकाच जाळीवर धाव घेते.

म्हणून पुराचा प्रश्न आणि प्रदूषणाचा प्रश्न हे दोन निरनिराळ्या खात्यांचे विषय आहेत असे मला वाटत नाही. जे पाणी आवारात मुरले ते ओढ्याला पूर आणत नाही आणि नदीला घाणही देत नाही. आम्ही आवाराच्या उताराच्या बाजूला कडेचे पेव्हर ब्लॉक काढून दीड फूट रुंदीची खोलगट पट्टी केली, तीत खडी-वाळू भरून वर कर्दळ आणि वाळा लावला, आणि जाळीच्या आधी गाळ बसण्यासाठी एक छोटा चौकोनी खड्डा बांधला. दर पंधरवड्याला तो खड्डा उपसावा लागतो आणि पहिल्या वर्षी त्यातून निघालेला काळा गाळ पाहून आमचा माळी म्हणाला, “हे झाडांना घालायचं नाही, साहेब.” त्याचे म्हणणे बरोबर होते, तो गाळ आम्ही पोत्यांत भरून राडारोड्याबरोबर पाठवतो. येथे एक धोक्याची सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. पाणी जिरवण्याच्या उत्साहात काही सोसायट्यांनी पार्किंगचे आणि अंतर्गत रस्त्याचे पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडले आहे. गच्चीचे पाणी गाळून बोअरला देणे ठीक आहे. गाड्यांखालचे पाणी देणे म्हणजे तेल आणि टायरची भुकटी आपणच भूजलात पोहोचवणे. आपला खडक बसाल्टचा आहे, त्याच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून पाणी वाहते, आणि एकदा दूषित झालेला असा थर झाडूने साफ करता येत नाही. बावधनचा झरा वाचावा म्हणून तेथील रहिवासी उभे राहिले, तेव्हा अ‍ॅक्वाडॅम या पुण्यातील भूजलविषयक संस्थेच्या अभ्यासकांनी झरा, भूस्तर आणि नदी यांचे नाते त्यांच्यापुढे मांडले होते. तसे कोणी आपल्याही आवाराचे समजावून दिल्याशिवाय बोअरला हात लावू नये, असे माझे मत आहे.

लोकांनी केलेल्या कामांची उदाहरणे आपल्या शहरात कमी नाहीत. जीवितनदी या संस्थेने नदीकाठाचा एकेक टप्पा दत्तक घेण्याचा उपक्रम चालवला. औंधला राम-मुळा संगमावर आणि मुठेकाठी विठ्ठलवाडीला स्वयंसेवक नेमाने जात राहिले, आणि घरातल्या साबण-शांपूपासून नदीच्या प्रदूषणाची सुरुवात होते हे त्यांनी न ओरडता सांगितले. बाणेरच्या तुकाई टेकडीवर वसुंधरा अभियानाच्या मंडळींनी चर खणून, झाडे लावून आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालून उघडा उतार हिरवा केला. त्या उतारावरून खाली येणारी माती थांबली हा त्याचा कमी बोलला जाणारा लाभ. याउलट, ज्या मोहिमांत रविवारी सकाळी दोन तास प्लास्टिक गोळा करून, टोप्या-टीशर्ट घालून, छायाचित्र काढून सर्वजण नाश्त्याला जातात, त्यांच्याबद्दल मला फारसा उत्साह वाटत नाही. त्यांचा हेतू चांगला असतो. पण काठावरचे प्लास्टिक हे दिसणारे असते, आणि बरणीच्या तळाशी बसलेला गाळ चिमट्याने उचलता येत नाही. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाच्या योजनेवर गेली काही वर्षे जो वाद चालू आहे त्यात मला येथे शिरायचे नाही. काठ कसाही बांधला तरी त्याला येऊन मिळणाऱ्या शेकडो पावसाळी नळ्यांच्या तोंडाशी काय येते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

प्रशासनाकडून अपेक्षा आहेत, पण त्या अवाढव्य नाहीत. नालेसफाईत काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच ढीग करून सुकायला ठेवण्याची पद्धत आहे. तो उचलण्याआधी वळीव आला की सगळा गाळ पुन्हा नाल्यात जातो आणि कामाचे बिल मात्र गेलेल्या गाळाचेही निघते. गाळ काढला त्याच दिवशी उचलणे हे कंत्राटाच्या अटीत असावे. दुसरे असे की, रस्ते झाडणाऱ्या यंत्रांची फेरी मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, वळवाच्या आधी, मुख्य रस्त्यांच्या कडेने मुद्दाम लावावी. त्या एका फेरीत नदीचे जितके भले होईल तितके जुलैतल्या दहा फेऱ्यांत होणार नाही. तिसरी गोष्ट बांधकामांची. काँक्रीटच्या गाड्या रस्त्यावर धुतल्या जातात आणि सिमेंटचे दुधासारखे पाणी जाळीत सोडले जाते, हे आमच्या भागात मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. एकदा मी त्या गाडीच्या चालकाला हटकले तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, “काका, पावसाचं गटार आहे, ड्रेनेज नाही.” त्याच्या मते ड्रेनेजमध्ये सिमेंट घालणे चूक होते आणि पावसाच्या गटारात घालणे योग्य. त्याला दोष कसा द्यावा? जाळीवर ‘हे पाणी रामनदीला जाते’ एवढे रंगवलेले असते तर निदान तो थबकला असता. त्यासाठी स्टेन्सिल आणि रंगाचा एक डबा पुरतो, आणि आमच्या गल्लीतल्या मुलांनी परवानगी मिळाल्यास ते काम दिवाळीच्या सुट्टीत करण्याची तयारी दाखवली आहे.

पैशांची वाट आहे, ती वापरली जात नाही. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामे सुचवण्याची सोय २००६ पासून आहे. दरवर्षी त्यात बाक, पदपथ, पथदिवे आणि पेव्हर ब्लॉक मागितले जातात. गाळखड्डा, ओढ्याकाठचा हिरवा पट्टा किंवा पावसाळी गटारांची तपासणी मागणारे अर्ज कितीसे असतात? तसेच पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत आणि सौरऊर्जा यांपैकी एक प्रकल्प राबवणाऱ्यांना मिळकतकरात पाच टक्के आणि दोन वा अधिक राबवणाऱ्यांना दहा टक्के सवलत आहे. ही सवलत घेऊन झाल्यावर ज्यांची संधारणाची टाकी अडगळीची खोली झाली आहे अशा सोसायट्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्याच दोन सभासदांनी तपासणी करून सही करावी आणि त्यावर पुढची सवलत अवलंबून असावी, एवढे केले तरी अनेक टाक्यांतली अडगळ बाहेर निघेल.

आमच्या प्रभागातले ओढे, नाले आणि पावसाळी गटारे कोठून येतात आणि कोठे जातात, याचा साधा, सर्वांना वाचता येईल असा नकाशा क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर लावावा, अशी विनंती आम्ही काही सोसायट्या मिळून करीत आहोत. अशा नकाशावाचून आमची जाळी नेमकी कोणत्या ओढ्याला लागते हे शोधायला आम्हाला दोन रविवार आणि लाल रंगाच्या सात बाटल्या लागल्या.

आपल्याकडेही एक विनंती आहे. या वर्षी नालेसफाईचे छायाचित्र घेतल्यावर आपल्या प्रतिनिधींनी त्याच जागेचे दुसरे छायाचित्र वळवाच्या पहिल्या सरीनंतर घ्यावे आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापावीत. काठावरचा ढीग दुसऱ्या छायाचित्रात दिसला नाही, तर तो कोठे गेला हे विचारायला वाचकांना सोपे जाईल. बरण्या हव्या असल्यास आमच्याकडे आहेत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
पाषाण, पुणे